वर्कशॉपला कुलूप लावू नका

अकरावी सायन्सचा प्रवेश घेताना ‘बायफोकल’ नावाचा एक पर्याय समोर येतो. सरकारी कागदावर त्याचं नाव द्विलक्ष्यी अभ्यासक्रम. पालकांना तो ‘स्कोअरिंग विषय’ म्हणून माहीत असतो. दोनशे गुणांचा विषय, त्यातले निम्मे प्रात्यक्षिकाचे, शिवाय दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. एवढा हिशेब कोणताही क्लासवाला उभ्या उभ्या समजावून सांगतो. तो सांगत नाही ते असं, की आपल्या शिक्षणातल्या मोजक्या शहाण्या कल्पनांपैकी ही एक आहे आणि ती आपल्या डोळ्यांदेखत संपत चालली आहे.

कल्पना सरळ आहे. मुलीने फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्रजी शिकायचं; इंजिनिअरिंगची, बीएस्सीची वाट पूर्ण मोकळी ठेवायची; आणि त्याच दोन वर्षांत एखादं काम हाताने करायला शिकायचं. इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, इलेक्ट्रॉनिक्स, जनरल सिव्हिल इंजिनिअरिंग, स्कूटर-मोटारसायकल सर्व्हिसिंग. शेतीकडे कल असेल तर पीकशास्त्र किंवा पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय. मत्स्यव्यवसायाचेही विषय आहेत. कॉमर्सवाल्यांना बँकिंग आणि ऑफिस मॅनेजमेंट. ‘कॉलेज की धंदा’ असा जो पेच आपण दहावीच्या निकालानंतर पोरांपुढे टाकतो, तो या अभ्यासक्रमाने कधीच सोडवलेला आहे: दोन्ही. त्याच वर्गात, त्याच मुलाला.

त्याच्या खालच्या टप्प्यावर आठवी ते दहावीचं टेक्निकल. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी एक तांत्रिक विद्यालय असायचं. आजूबाजूच्या शाळांतली मुलं आठवड्यातले ठरलेले तास तिथे यायची. मराठी, इतिहास, गणित आपापल्या शाळेत. फिटिंग, सुतारकाम, पत्रेकाम, वायरिंग आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग इथे. एक वर्कशॉप दोन-चार शाळांना पुरायचं. महाग यंत्रं प्रत्येक शाळेने घ्यायची गरज नाही, हा व्यवहारही त्यात होता. पॉलिटेक्निकच्या प्रवेशात या मुलांसाठी जागांचा वाटा राखलेला असे. आज पन्नाशी-साठीत असलेल्या किती इंजिनिअरांनी आयुष्यातली पहिली कानस या वर्कशॉपांत धरली, हे त्यांनाच विचारा.

आता यातलं काय उरलं आहे ते बघायला तालुक्याच्या एखाद्या जुन्या शाळेत जावं. एका शाळेच्या मागच्या अंगाला मी पत्र्याची लांबट शेड पाहिली. दाराला कुलूप. खिडकीच्या फुटक्या काचेतून आत लेथ दिसत होता, त्यावर ताडपत्री. लाकडी बेंचांवर वाइस अजून बोल्टने आवळलेल्या, पण बेंचांवर मोडकी बाकं आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले. शिपाई म्हणाले, सर रिटायर झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. एवढंच. ना आगीत जळलं, ना पुरात वाहून गेलं, ना कुणी बंद करण्याचा ठराव केला. एक माणूस निवृत्त झाला आणि आख्खी शाखा बंद पडली.

अशी शेड बंद पडते तेव्हा नेमकं काय जातं, हे नीट सांगायला हवं. कारण ‘कौशल्य’, ‘स्किल’, ‘रोजगाराभिमुख’ हे शब्द भाषणांत इतके फिरलेत की आता ते कानाला लागतही नाहीत.

जिन्याचं वायरिंग घ्या. जिन्याच्या खाली एक बटण, वर एक बटण, दिवा एकच. कुठूनही लावता यावा, कुठूनही विझवता यावा. लाकडी बोर्डावर दोन टू-वे स्विच, एक होल्डर आणि वायर देऊन सर सांगतात, जोडा. पहिल्या खेपेला बहुतेक पोरं दोन्ही स्विच एकामागून एक जोडतात. मग खालचं बटण बंद असलं की वरचं कितीही दाबा, दिवा ढिम्म. सर काही बोलत नाहीत. पोर कागद ओढतं आणि चार स्थिती मांडतं: दोन्ही वर, दोन्ही खाली, पहिलं वर दुसरं खाली, पहिलं खाली दुसरं वर. यातल्या दोन स्थितींत दिवा लागला पाहिजे, दोनांत विझला पाहिजे, आणि कोणतंही एक बटण हललं की अवस्था पालटली पाहिजे. मग त्याच्या लक्षात येतं की दोन स्विचांच्या मध्ये एक नाही, दोन तारा हव्यात. फेज पहिल्या स्विचच्या मधल्या टोकाला, दुसऱ्या स्विचच्या मधल्या टोकावरून दिव्याला, न्यूट्रल थेट होल्डरला. सिरीज लॅम्पवर तपासल्याशिवाय मेनला हात लावायचा नाही. हेच कोष्टक पुढे डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात एक्स-ऑर गेट म्हणून भेटतं. ज्याने ते जिन्यावर जोडलेलं असतं त्याला ते पाठ करावं लागत नाही.

फिटिंगचंही तसंच. पोलादी पट्टीचा ओबडधोबड तुकडा वाइसमध्ये आवळायचा आणि कानस मारून चारही बाजू काटकोनात आणायच्या. ऐकायला काय आहे त्यात! पण कानस पुढे जाताना दाब आणि मागे येताना सैल, हे जमेपर्यंत कडा गोलच होते. मग गुण्या लावून जॉब उजेडासमोर धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली की समजायचं, अजून काम बाकी आहे. इथे ‘बरोबर वाटतंय’ चालत नाही. सरांशी हुज्जत घालता येते, गुण्याशी नाही. चौदाव्या वर्षी हे कळणं आणि बाविसाव्या वर्षी इंजिनिअरिंगची डिग्री हातात घेऊन कारखान्यात आल्यावर कळणं, यात फार फरक आहे. चाकण-भोसरीच्या शॉपफ्लोअरवरच्या कोणत्याही जुन्या सुपरवायझरला विचारा. नवा इंजिनिअर व्हर्नियर कॅलिपर कसा धरतो यावरून त्याला माणूस कळतो.

म्हणूनच माझं म्हणणं ‘अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना काहीतरी हातकाम द्या’ असं अजिबात नाही. उलट आहे. वर्कशॉप वाचवायचं ते मुख्यतः कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी. आणि जी मुलं कॉलेजला जाणार नाहीत, त्यांच्यासाठी गणित-विज्ञान तितक्याच जोमाने वाचवायचं. या दोन गोष्टी एका छपराखाली राहिल्या तरच दोन्हींना किंमत राहते. वेगळ्या काढल्या की एक होते हुशारांची रांग आणि दुसरी उरलेल्यांची.

इथे बहुजन समाजातले पालक एक शंका काढतात आणि ती खरी आहे. त्यांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलंय: सुताराच्या पोराने सुतारकाम करावं, चांभाराच्या पोराने चामडं. शाळेने पोराच्या हातात पुन्हा पटाशी दिली तर तो मागेच ढकलला जातोय, असं त्यांना वाटणारच. याला इतिहासाचा आधार आहे. 1953 साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून मुलांनी उरलेला वेळ घरच्या व्यवसायात घालवावा अशी योजना आणली. द्रविड चळवळीने तिला कुळाचा धंदा शिकवणारी योजना म्हणून झोडपलं. 1954 मध्ये राजाजींना पद सोडावं लागलं आणि कामराजांनी ती गुंडाळली. बरंच झालं. कारण ती योजना मुलाला बापाच्या धंद्याला बांधत होती.

पण वर्कशॉपमध्ये काय होतं? तिथे वकिलाची मुलगी रंधा मारते, सुताराचा मुलगा सर्किट जोडतो आणि दोघांच्या जॉबला एकच गुण्या लागतो. जात मोडायची असेल तर हाताचं काम एका जातीच्या अंगणातून उचलून सगळ्यांच्या वेळापत्रकात टाकावं लागेल. ते फक्त गरिबांच्या शाळेत ठेवलं तर राजाजींचीच योजना मागच्या दाराने परत येईल. परिषदांमधून जर्मनीचे गोडवे गाणाऱ्यांनाही हे सांगायला हवं. तिथली उद्योगांशी जोडलेली शिकाऊ उमेदवारी उत्तम आहे, यात वाद नाही. पण तिथल्या बहुतेक राज्यांत दहा वर्षांच्या मुलांची चौथीनंतरच वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी होते आणि तिच्यावर तिथेच सतत टीका होत आली आहे. आपल्या जातींच्या देशात ती नक्कल नको. आपलं द्विलक्ष्यी बरं.

जोतीराव फुल्यांना हे नीट दिसत होतं. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी, बालबोध आणि हिशेबासोबत शेतीचं ज्ञान असावं असं मांडलं. म्हणजे अक्षर आणि अवजार दोन्ही, एकाच मुलाला. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि सेवाग्रामात नई तालीम उभी राहिली. नई तालीमचा पुढे जो कर्मकांडी सूतकताई तास झाला तो झालाच. पण मूळ विचार, काम हे शिकण्याचं माध्यम आहे, आजही कुणाला खोडता आलेला नाही. स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, त्या आयोगाने कार्यानुभव मांडला आणि दहावीनंतरच्या निम्म्या मुलांनी व्यवसाय शिक्षणाकडे जावं असं लक्ष्य ठेवलं. 1986 च्या राष्ट्रीय धोरणाने ते खाली आणलं: 1990 पर्यंत उच्च माध्यमिकची 10 टक्के मुलं, 1995 पर्यंत 25 टक्के. 1992 मध्ये त्याच टक्क्यांची मुदत पाच-पाच वर्षांनी पुढे सरकली. 2020 च्या धोरणाने पुन्हा 50 टक्क्यांचा आकडा दिला, 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा किमान अनुभव. त्याच धोरणात असंही लिहिलंय की 19 ते 24 वयाच्या कामगारांपैकी 5 टक्क्यांहूनही कमी जणांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेलं आहे. कागदावर आपण कधीच कमी पडलो नाही. कमी पडतो ते निवृत्त झालेल्या एका सरांच्या जागी दुसरे सर आणायला.

‘हे सगळं आदर्शवादी आहे, प्रत्यक्षात होत नाही’ म्हणणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळला जाऊन यावं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत शिकलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले शास्त्रज्ञ. 1983 मध्ये त्यांनी पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, गावात शिकून मुलगा बाहेर गेला तर गेला. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक विषय रचला, ज्याला शाळांत आयबीटी म्हणतात, मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. आठवड्यातला एक दिवस पुस्तकं दप्तरात आणि मुलं कामावर. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. चारही प्रत्येकाला. म्हणजे मुलगी वेल्डिंग करणार आणि मुलगा चिक्की करणार, त्यात सूट नाही.

यातली खरी मेख पुढे आहे. मुलांनी केलेलं काम प्रदर्शनात मांडून फेकून द्यायचं नाही. शाळेला गेट हवंय, कुणाला गोठ्याचं वायरिंग हवंय, शेतकऱ्याला माती तपासून हवीय, तर ते काम मुलं घेतात आणि मालाचे पैसे वसूल होतात. काम खऱ्या गिऱ्हाइकाचं असलं की गेटची बिजागरी वाकडी चालत नाही. अंदाजपत्रक काढावं लागतं: अँगलचे किती फूट, किलोला भाव काय, वेल्डिंगच्या किती कांड्या, वाया जाणारं किती. मी गणिताच्या अनेक शिक्षकांना टक्केवारी शिकवताना पाहिलंय. गेटचं कोटेशन काढणाऱ्या नववीच्या मुलांइतकी ती कुणाच्याही अंगात भिनलेली पाहिली नाही. शिकवायला गावातलेच कारागीर. त्यांच्याकडे बीएड नाही म्हणून कलबागांनी त्यांना दारात थांबवलं नाही. पुढे हा विषय राज्यातल्या आणि बाहेरच्याही अनेक शाळांत गेला. 2002 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीने जगभर फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या छोट्या कार्यशाळा, उभारायला घेतल्या तेव्हा अमेरिकेबाहेरच्या सर्वांत पहिल्या लॅबांमध्ये पाबळचं नाव होतं. बंगळुरूचं नव्हे, मुंबईचं नव्हे. 2003 मध्ये कलबाग गेले, काम चालू आहे.

म्हणजे कल्पना आपली, प्रयोग आपला, तो चालतो हे सिद्धही झालेलं. मग वर्कशॉपं का मरताहेत?

पहिलं कारण पदांचं. टेक्निकलचे शिक्षक आणि निदेशक निवृत्त होतात आणि पद रिक्त राहतं. काही शाळांत नवे कौशल्य विषय आले, ऑटोमोबाइल, रिटेल, ब्यूटी, हेल्थकेअर, पण त्यांचे शिक्षक ठेकेदार संस्थेमार्फत, कंत्राटावर. ज्या शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तो वाइसला तेल कशाला घालेल? आणि जिथे जवळचा मॉल दोन तासांवर आहे अशा गावात रिटेल हा विषय कुणी निवडला, हे कोडं मला सुटलेलं नाही.

दुसरं कारण मालाचं. वर्कशॉपला कच्चा माल लागतो. पट्टी, पत्रा, फळी, वायर, सोल्डर, हॅक्सॉची पाती. हे संपतं. पुस्तक एकदा घेतलं की पाच वर्षं चालतं, हॅक्सॉचं पातं आठवड्यात तुटतं. ज्या खर्चाचं बिल दर महिन्याला येतं तो खर्च सर्वांत आधी कापला जातो, हे घरातही होतं आणि संस्थेतही.

तिसरं कारण परीक्षेचं, आणि हे सगळ्यांत घातक. इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटी आणि जेईईच्या गुणांवर ठरू लागले, बारावीचे गुण पात्रतेपुरते उरले. प्रात्यक्षिकाचे ते शंभर गुण, ज्यांच्या ओढीने का होईना मुलं वर्कशॉपमध्ये येत होती, त्यांची किंमत एका रात्रीत घसरली. त्याच सुमाराला ‘इंटिग्रेटेड’चा सुळसुळाट झाला. ज्युनिअर कॉलेज आणि क्लास यांच्यात समझोता: नाव कॉलेजात, मूल क्लासमध्ये, हजेरी कागदावर. जिथे केमिस्ट्रीचं टायट्रेशनही मुलांनी केलेलं नसतं, तिथे इलेक्ट्रिक मोटारचं वाइंडिंग कोण करणार? प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जर्नल वाटायची, मुलांनी एकमेकांची उतरवायची, सही-शिक्का, बाहेरच्या परीक्षकांना नाश्ता. सगळ्यांना चांगले गुण. ही लबाडी कुणी एकट्याने केलेली नाही. पालकांनी मागितली, कॉलेजांनी पुरवली, मंडळाने पाहिली नाही.

एक गंमत बघा. ज्या पालकांना अकरावीतलं वर्कशॉप वेळेचा अपव्यय वाटतं, तेच पालक चौथीतल्या मुलाला रोबोटिक्सच्या क्लासला पाठवतात, आणि तिथे मूल जे किट जोडतं त्याचे भाग आधीच कापून, भोकं पाडून, क्रमांक घालून आलेले असतात. फी भरली की ते शिक्षण. शाळेत फुकट मिळालं की हातकाम.

चौथं कारण भीतीचं. हात कापला तर, शॉक बसला तर. ती खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ईएलसीबी, गॉगल, प्रथमोपचाराची पेटी, एका वेळी वीसच मुलांची बॅच आणि जागेवर हजर असणारे सर. दाराला कुलूप हा उपाय नव्हे. शॉक बसण्याची खरी भीती त्या घरात असते जिथे कुणालाच अर्थिंग म्हणजे काय ते माहीत नाही.

तेव्हा आता काय करायचं? सरकारने काय करावं हे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आहे. मंजूर असलेली पदं भरा, निदान एका तालुक्यात एक वर्कशॉप पूर्ण चालू ठेवा आणि आजूबाजूच्या शाळा त्याला जोडा. ही जुनी रचना आजही चालण्यासारखी आहे. कच्च्या मालाचं अनुदान वेगळ्या शीर्षाखाली द्या, म्हणजे ते खडू-डस्टरमध्ये जिरणार नाही. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतल्या व्यवसाय शिक्षणासाठी तीन प्रकारची कामं सुचवली आहेत: सजीवांबरोबरचं, यंत्र-साहित्याबरोबरचं आणि माणसांची सेवा करण्याचं. मांडणी चांगली आहे. ती राबवताना नवी इमारत, नवी निविदा, नवं किट असं सुरू करण्याआधी राज्यभर ताडपत्रीखाली झाकलेले लेथ मोजा. आणि प्रात्यक्षिक परीक्षा खरी घ्या. परीक्षकासमोर मुलाने जॉब करून दाखवला नाही तर गुण नाहीत; एवढी एक गोष्ट मंडळाने पाळली तरी निम्मी शिस्त परत येईल.

पण सरकारच्या भरवशावर हे वाचणार असतं तर मघाचे ते सगळे आयोग पुरे होते. म्हणून बाकीचं आपल्याला.

संस्थाचालकांनो, तुमच्या संस्थांच्या घटनेत श्रमप्रतिष्ठा हा शब्द असतो, प्रवेशद्वारावर कर्मवीरांचा नाहीतर गाडगेबाबांचा फोटो असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ चालवलं ते शोभेसाठी नाही. त्या मुलांनी कष्ट करत शिक्षण पुरं केलं. तुमच्या संस्थेत वर्कशॉपची जागा आहे, ती भाड्याने देऊ नका, गोदाम करू नका. निवृत्त निदेशक गावातच राहत असतील तर त्यांना मानधनावर बोलवा. बहुतेक येतील. ज्याने पंचवीस वर्षं लेथ चालवला त्याला घरी बसून करमत नाही.

लघुउद्योजकांनो, तुमची तक्रार अशी की डिप्लोमा झालेल्याला ड्रॉइंग वाचता येत नाही. मग शाळेत या. महिन्यातून एक शनिवार. तुमच्याकडचे वाया गेलेले तुकडे, जुनी गेज, कालबाह्य मल्टिमीटर, उरलेली वायर शाळेला पोचवा. तुमचा एखादा जुना फिटर दोन तास मुलांपुढे उभा करा. एमआयडीसीतल्या दहा शेड्सनी मिळून एक शाळा उचलली तरी पुरे. याचं फळ तुम्हाला पाच वर्षांनी तुमच्याच गेटवर मिळेल.

माजी विद्यार्थ्यांनो, विशेषतः टेक्निकलच्या. स्नेहसंमेलन झालं, व्हॉट्सॲप ग्रुप झाला, शाळेला कमान बांधून झाली. कमानींचं आता पुरे झालं. पुढच्या वेळी पैसे गोळा कराल ते कानशींसाठी, वेल्डिंगच्या गॉगलसाठी, ड्रिल मशिनच्या मोटारीसाठी करा. आणि जो कुणी इंजिनिअर असेल त्याने मुलांना येऊन सांगावं की आयआयटीला गेलेल्यालाही स्क्रू कुठल्या दिशेला फिरतो हे माहीत असावं लागतं.

विज्ञानाच्या शिक्षकांनो, तुमच्याशिवाय हे शक्य नाही. वर्कशॉप शाळेच्या मागच्या अंगाला असतं आणि फिजिक्सची लॅब दुसऱ्या मजल्यावर. ते अंतर तुम्हीच कमी करू शकता. ओहमचा नियम शिकवायचा तास वर्कशॉपमध्ये घ्या. त्रिकोणमितीचा एक तास छपराच्या कैचीखाली घ्या, उंची आणि कोन खरेच मोजून. टेक्निकलच्या सरांना स्टाफरूममध्ये ‘ते आपले वर्कशॉपवाले’ म्हणणं बंद करा. मुलं हे ऐकतात आणि त्यावरून विषयाची किंमत ठरवतात.

आणि पालकांनो. सगळी गाडी शेवटी तुमच्यापाशी अडते. वर्कशॉप रिकामं राहतं कारण तुमचा अर्ज येत नाही. अर्ज येत नाहीत म्हणून तुकडी बंद होते. तुकडी बंद झाली म्हणून पद रद्द होतं. हे चक्र फक्त तुम्ही उलटं फिरवू शकता. अकरावीच्या फॉर्ममध्ये बायफोकलचा पर्याय वाचा. कॉम्प्युटर सायन्सलाच उड्या मारू नका. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, पीकशास्त्र यांच्याकडेही बघा. तुमच्या मुलीला इंजिनिअर व्हायचंय? मग तर घ्याच. तिला डॉक्टर, वकील, कलेक्टर व्हायचंय? तरी आठवी-नववीत टेक्निकल किंवा आयबीटी असलेली शाळा शोधा. आठवड्यातला एक दिवस हातात अवजार धरल्याने नीटचा एकही प्रश्न चुकणार नाही. आणि सगळं बिनसलं, रँक आली नाही, घरची परिस्थिती पालटली, तर तिच्या हातात काहीतरी असेल ज्याला गिऱ्हाईक आहे.

पुढची पालकसभा येईल तेव्हा गुणपत्रिकेवर सही करून परत येऊ नका. मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा: शाळेतलं किंवा तालुक्यातलं वर्कशॉप चालू आहे का, टेक्निकलच्या किती जागा भरलेल्या आणि किती रिक्त आहेत, आणि माझ्या मुलाने गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने काय केलं ते मला दाखवता का. तोंडी आश्वासनावर समाधान मानू नका. पालक-शिक्षक संघाच्या इतिवृत्तात प्रश्न नोंदवून घ्या आणि उत्तर लेखी मागा.